अडीअडचणीच्या चाली

मराठी घरात जिन्नस दोन प्रकारचे असतात, ठेवणीतले आणि हाताशी असलेले. ठेवणीतला शालू डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षे निजतो आणि एखाद्या लग्नमुंजीस बाहेर येऊन कौतुक करून घेतो. पिठल्याचे तसे नाही. रात्री साडेनऊ वाजता चार पाहुणे दारात उभे राहिले, की श्रीखंड कोणास सुचत नाही. डब्यात बेसन आहे ना, एवढेच गृहिणी पाहते. पिठल्याची कोणी फारशी स्तुती करीत नाही, परंतु त्यावाचून कोणाचे अडले नाही असेही घर नाही. गाण्यातही हाच भेद आहे. ठेवणीतल्या चिजांविषयी ग्वाल्हेरात पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले. पिठल्याच्या जातीच्या, अडीअडचणीस उपयोगी पडणाऱ्या चालींविषयी मात्र कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणि गेली दोन वर्षे आम्हांस नेमकी त्यांचीच चिंता लागून राहिली आहे.

लष्करातील आम्हा काही मराठी कुटुंबांचे दर गुरुवारी संध्याकाळी भजन असते. मंडळास नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्षही नाही. पाळीपाळीने एकेका घरी जमायचे, दत्ताच्या तसबिरीपुढे सतरंजी घालायची, पेटी मध्ये ठेवायची आणि दीड-दोन तास म्हणायचे. आमच्या वडिलांच्या पिढीने हा प्रघात पाडला. त्या काळी दौलतगंज, जिन्सी, नई सडक या भागांतील वाड्यांतून तीस-पस्तीस माणसे सहज गोळा होत, आणि चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधणे हा भजनानंतरचा स्वतंत्र कार्यक्रम असे. आता मुले पुण्यास, बंगळूरला किंवा समुद्रापलीकडे आहेत. बारा माणसे जमली, तर यजमानीणबाई चहाचे आधण वाढवितात.

भजनाची रीत साधी आहे. एकाने उचलायचे, बाकीच्यांनी ध्रुवपद धरायचे. ते संपले की पाळी शेजाऱ्याकडे. "आता आपण घ्या," असे शब्द कानी पडले, की मोठा चमत्कार होतो. ज्यास पन्नास अभंग मुखोद्गत आहेत, त्यास त्या क्षणी एकही आठवत नाही. तो छताकडे पाहतो, घसा खाकरतो, "मागच्या वेळी तेच झाले होते का हो?" असे विचारतो. अशा वेळी आमचे पेटीवादक काही न बोलता दोन सुरांवर बोट ठेवीत, एक लहानशी ओळ वाजवीत, आणि समोरच्यास वाटे की आपल्यालाच आठवले. कोणाचा आवाज कोठवर चढतो, कोणास कोणती चाल दिली असता तो बुडणार नाही, याचा हिशेब त्यांच्या बोटांत चाळीस वर्षे होता. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ते गेले, आणि तो हिशेब त्यांच्याबरोबर गेला.

पुढचे काही गुरुवार अवघड गेले. पाळी आली की ज्याने त्याने आपल्या ठेवणीतले काढण्यास प्रारंभ केला. एका गृहस्थांनी एक चढे नाट्यपद घेतले. गायले चांगले, परंतु उरलेले दहा जण हात मांडीवर ठेवून ऐकत बसले. एका बाईंनी रेकॉर्डवरचा अभंग तिच्यातील ताना-आलापांसह घेतला, त्याही वेळी तेच झाले. म्हणणारी मंडळी श्रोते झाली, आणि श्रोता होण्यासाठी गुरुवारी संध्याकाळी घराबाहेर पडण्याचे आज कोणास कारण उरलेले नाही. चांगले गाणे ज्याच्या त्याच्या खिशातील मोबाईलमध्ये आहे. दोन महिन्यांत संख्या बारावरून सातावर आली. सात माणसांचे भजन पाचांचे होण्यास आणि पाचांचे बंद पडण्यास किती वेळ लागतो, हे या शहरातील इतर मंडळांकडे पाहून आम्हांस ठाऊक होते.

राज्य शासनाच्या सेवेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे संकट दिसले की सूची करावी, हा आमचा स्वभाव झाला आहे. आम्ही तिघे बसलो आणि काही सुचले नाही तर काय म्हणायचे, याची यादी करू लागलो.

पहिल्याच बैठकीत एका वडीलधाऱ्या सदस्यांनी अभिमानाचा मुद्दा काढला. आपण ग्वाल्हेरचे, हद्दू खाँ-हस्सू खाँ येथले, शंकरराव पंडित आणि त्यांचे चिरंजीव कृष्णराव येथले, राजाभैया पूछवाले येथले. 1914 साली शंकर गांधर्व महाविद्यालय आणि 1918 साली भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय या शहरात निघाले. महाराष्ट्रास ख्याल मिळाला तोही बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आत्मसात करून तिकडे नेली म्हणून. तेव्हा आपल्या यादीत ग्वाल्हेरच्या बंदिशी हव्यात. मुद्दा रास्त होता, फक्त बारा प्रौढ कंठांना तिलवाड्यातला ख्याल झेपणार नव्हता. 2023 साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे नगर म्हणून मान दिला, आणि त्याच नगरात आम्ही बारा जण एका पट्टीत ध्रुवपद म्हणू शकत नव्हतो, ही वस्तुस्थिती होती.

तथापि त्यांच्या बोलण्यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागली. ग्वाल्हेर घराण्याचा कल प्रसिद्ध रागांकडे राहिला आहे. यमन, भूप, अल्हैया बिलावल, केदार, हमीर, जौनपुरी असे सर्वांच्या ओळखीचे राग घ्यावेत, बंदिश स्वच्छ मांडावी, श्रोत्यास कोड्यात टाकू नये, ही या घराण्याची चाल. अनवट रागांची हौस इतर घराण्यांनी अधिक केली. म्हणजे ओळखीचेच नीट म्हणावे, हा ग्वाल्हेरचा वारसा होय, आणि तो ख्यालावाचूनही चालविता येतो.

मग आम्ही कोणती चाल का टिकते आणि कोणती का बुडते, हे एकेक करून पाहू लागलो. सर्वांत आधी पट्टी. आमच्यातील पुरुष काळी एकच्या आसपास सुखी असतात, बायका काळी चारच्या. सर्वांनी एकत्र म्हणायचे तर पेटी पांढरी चारवर धरावी लागते. तेथे पुरुषांचा गळा वरच्या षड्जाशी दमतो आणि बायकांचा आवाज खाली मंद्रात नाहीसा होतो. म्हणून जी चाल मंद्रात धैवताच्या खाली उतरत नाही आणि तार षड्जास शिवून परत फिरते, तीच उभयतांस मानवते. वर तार पंचमापर्यंत झेप घेणारी चाल कितीही गोड असो, ती एकट्याची.

रागांचे म्हणाल, तर भूपासारखा सोशिक राग नाही. पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे ते चुकण्याचा प्रश्न नाही. जाणकार म्हणतील की धैवतावर फार रेंगाळलात तर देसकार होईल. होवो, गुरुवारी आमच्याकडे परीक्षक नसतात. यमन सर्वांस आवडतो, परंतु नवशिक्या पेटीवाल्याचे बोट तीव्र मध्यमावरून शुद्धावर घसरते आणि मग अर्धी सतरंजी एका रागात तर अर्धी दुसऱ्यात असते. भीमपलास मराठी गळ्यात उपजतच असावा. मालकंस खोल आहे. बाहेर दाट धुके आणि आत चार माणसे अशा जानेवारीत तो घेतला, तर भजनाऐवजी शोकसभा वाटते. भैरवीची गंमत निराळी. तिच्यात बाराही स्वरांना जागा असल्यामुळे चूकसुद्धा शोभून जाते, आणि त्या दृष्टीने अडचणीच्या वेळी तिच्यासारखी सखी नाही. परंतु बैठकीचा शेवट भैरवीने करण्याचा आपल्याकडे संकेत आहे. ती साडेसात वाजता लावली, की लोक चपला शोधू लागतात.

ताल हा पुढचा विषय. आमचे तबलजी बँकेतून थेट येतात आणि पुष्कळदा येतही नाहीत. तेव्हा टाळांवर निभावले पाहिजे. आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केहरवा टाळ धरणाऱ्या कोणासही जमतो, दादराही चालतो. रूपकाच्या सात मात्रांत मात्र टाळ धरणारा एक जण हटकून उरतो आणि इतरांकडे अपराध्यासारखा पाहतो. सात मात्रांचे सारे आम्ही यादीतून काढले.

राहिला प्रश्न रेकॉर्डवरील चालींचा, आणि येथे बराच वाद झाला. पंडित भीमसेन जोशी 1933 साली घर सोडून निघाले, ते फिरत फिरत ग्वाल्हेरला आले आणि काही काळ येथील माधव संगीत विद्यालयात शिकले, ही गोष्ट येथील मराठी माणूस अजून आपल्या घरची म्हणून सांगतो. त्यांच्या अभंगांविषयी आम्हांस जो आदर आहे, तो निराळा सांगावयास नको. परंतु त्या चाली एका असामान्य कंठासाठी बांधलेल्या आहेत. त्यांचे अर्धे सौंदर्य दोन ओळींमधल्या जागांत आहे. त्या जागा काढल्या तर चाल ओकीबोकी दिसते, आणि भरावयाच्या तर कोणी भराव्या? ऐकण्याची चाल आणि म्हणण्याची चाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमच्या आया-आज्या स्वयंपाकघरात जी म्हणत, ती दुसऱ्या प्रकारची होती. तीत हातातले पीठ मळणे थांबवावे लागत नसे. कॅसेटी घरोघर आल्यावर त्या चाली मागे पडल्या, कारण त्या "साध्या" वाटू लागल्या.

अशा चर्चांत तीन महिने गेले आणि यादी चाळीस भजनांची झाली. चाळीस भजने आणीबाणीत कोणास आठवणार? तेथून सुटका झाली ती आमच्या सौभाग्यवतींच्या एका प्रश्नामुळे. त्या चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुम्ही भजनांची यादी कशाला करताय? चालींची करा ना." प्रथम फरक ध्यानात आला नाही. मग आला, आणि आम्ही तिघेही काही वेळ गप्प राहिलो.

मोठा अभंग हा चार चरणांचा. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. तुकोबांचा असो, नामदेवांचा असो की चोखोबांचा, साचा तोच. एका मोठ्या अभंगाची चाल गळ्यात बसली, की तीत शेकडो अभंग म्हणता येतात. ऐनवेळी एकाचे शब्द विसरले तर दुसऱ्याचे घालावेत. चाल थांबत नाही. आठ-आठ अक्षरांच्या लहान अभंगाचेही तसेच. आणि समर्थांचे मनाचे श्लोक तर या कामासाठीच रचले असावेत असे वाटते. श्लोक 205, वृत्त सर्वांस एकच, भुजंगप्रयात. एक चाल आली की दोनशे पाच वेळा पाळी निभावते. जुन्यांनी हे केव्हाच जाणले होते. वारकरी भजनात आधी नामाचा गजर, मग रूपाचे अभंग, असा क्रम ठरलेला असतो. आरंभी काय म्हणावे, या विवंचनेत कोणी पडत नाही. जेथे कोणालाच सुचत नाही तेथे नाम, हा आपल्या कीर्तनकारांचाही तोडगा आहे. श्रोते पेंगू लागले की बुवा गजर देतात.

हे सगळे आपल्याकडेच आहे अशी आमची समजूत होती. नोकरीनिमित्त डब्लिनला असलेल्या भाच्याकडे जाणे झाले, तेव्हा त्याने एका संध्याकाळी आम्हांस एका पबमध्ये नेले. दारूच्या दुकानात भजनी मनुष्याने काय करावे, हा संकोच पहिली पाच मिनिटे होता. कोपऱ्यातील टेबलाभोवती आठ-दहा माणसे कोंडाळे करून बसली होती. फिडल, बासरी, टिनची शिट्टी, काँसर्टिना, आणि बोधरान नावाचा डफासारखा एक ताशा. मंच नाही, ध्वनिक्षेपक नाही, समोर कागद नाही. एकाने चाल सुरू केली की ज्यास येते तो सामील होतो. दोन-तीन वेळा ती वाजवून न थांबता दुसरीत शिरतात. इतरांस न येणारी चाल कोणी काढली, तर बिचारा एकटाच वाजवीत राहतो आणि बाकीचे आदबीने पेल्याकडे पाहतात. ते पाहून आम्हांस आमचे नाट्यपदवाले गृहस्थ आठवले.

भाच्याच्या ओळखीच्या एका फिडलवाल्याने सांगितले, की प्रत्येकाने अशा तीन-चार चाली बाळगाव्या लागतात, ज्या झोपेतही चुकणार नाहीत आणि ज्या टेबलावरील प्रत्येकास येतात. त्यांच्या बहुतेक चाली डी आणि जी या पट्ट्यांत, म्हणजे आपल्या पांढरी दोन आणि पांढरी पाचमध्ये असतात, कारण साध्या शिट्टीवर आणि लाकडी बासरीवर त्याच सोयीच्या पडतात. म्हणजे सर्वांत साध्या वाद्याकडे पाहून पट्टी ठरली. स्कॉटलंडच्या मशकवाद्यात तर मोजके नऊच स्वर. त्यासाठी झालेल्या चाली आपोआपच आटोपशीर राहिल्या. आम्ही पांढरी चारवर जो खटाटोप करीत होतो, तो तिकडे वाद्यांनीच करून ठेवला होता.

तेथेच आम्हांस फ्रान्सिस ओनील यांचे नाव कळले. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात 1848 साली जन्मलेला हा मनुष्य अमेरिकेत गेला, शिकागोच्या पोलीस दलात चढत चढत 1901 ते 1905 या काळात त्याचा प्रमुख झाला, आणि फावल्या वेळात तेथील आपल्या देशबांधवांकडून चाली गोळा करीत राहिला. 1903 साली त्याने 1850 चालींचा ग्रंथ काढला, आणि 1907 साली नृत्याच्या 1001 चालींचा दुसरा. पुढे खुद्द आयर्लंडमधले वादक हे पुस्तक समोर ठेवून शिकले. देशांतर केलेल्या माणसाने, सरकारी वर्दीत राहून, मायदेशास त्याच्या चाली परत दिल्या. आम्हांस या गृहस्थाविषयी विशेष आपुलकी वाटली, हे ग्वाल्हेरच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली आणि तिचेच लष्कर झाले. त्या छावणीबरोबर आलेल्यांच्या घरांत काही चाली अशा असतील, की ज्या महाराष्ट्रात आता कोणास आठवत नाहीत. त्या गोळा करणारा ओनील आमच्यात निघाला नाही. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांतून हजाराहून अधिक बंदिशी लिपिबद्ध केल्या, त्या दरबारच्या आणि उस्तादांच्या. स्वयंपाकघरातल्या चालींचे स्वरलेखन कोणी केले नाही.

परत आल्यावर सूचीच्या कामी आणखी एक प्रश्न आला, तो मुलांचा. मंडळातील दोघातिघांची नातवंडे सुटीत येतात. एक मुलगी तर येथेच शिकते. त्यांना देवनागरी वाचता येते, ही हिंदी मुलुखात राहण्याची मोठी सोय. पुण्याबाहेरच्या, रोमन लिपीत अभंग वाचणाऱ्या मुलांपेक्षा आमची मुले या बाबतीत सुदैवी. अडखळतात ती "ळ"पाशी. टाळाचा "टाल" होतो, गौळणीची "गौलण". यावर एका सदस्यांनी सुचविले की हिंदी पदेही यादीत घ्यावीत; दुसरे म्हणाले, मग मराठी भजन ते काय राहिले?

आम्हांस बदलीच्या काळातील शिवपुरी आठवते. तेथे कचेरीतील सहकाऱ्यांचे शनिवारी मानसपाठ असत. तुलसीदासांच्या चौपाया, सोळा मात्रांचा एकच साचा आणि त्यावर एकच चाल. तीनचार शनिवारांत आम्ही त्यांच्यातलेच होऊन गेलो. शब्द पुढे आपोआप आले. जी चाल परक्यास तीन आठवड्यांत आपले करते, तीस परकी म्हणून दाराबाहेर ठेवणे आम्हांस पटेना. शिवाय नामदेवांची हिंदी पदे आहेतच. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. नरसी-पंढरपूरचा संत पंजाबात हिंदीत गाऊ शकतो, तर लष्करात का नाही? हा युक्तिवाद बिनतोड ठरला, निदान कोणी उत्तर दिले नाही. देशभर चाललेली अडीअडचणीची चाल पाहायची, तर ती ग्वाल्हेर परंपरेतील विष्णू दिगंबर पलुसकरांची रामधून. 1930 साली दांडीयात्रेत ती म्हटली गेली. चालत्या पायांना आणि न शिकलेल्या गळ्यांना पेलावी, इतकी ती सोपी आहे.

शेवटी यादी पाच चालींची झाली. मोठ्या अभंगाच्या दोन, एक भूपातली आणि एक भीमपलासातली. लहान अभंगाची एक. मनाच्या श्लोकांची एक. आणि चौपाईची एक, तीत हिंदी पदेही बसतात. पेटी नव्याने धरलेल्या सूनबाईंनी त्या पाचही वहीत स्वरांसह लिहून घेतल्या आहेत. पाळी आली आणि सुचले नाही, तर बोटांनी नुसता आकडा दाखवायचा, असे ठरले. दोन बोटे म्हणजे भीमपलास. आरंभी लोकांस हे हास्यास्पद वाटले, आता एक आजोबा मुद्दाम काही आठवत असतानाही बोटे दाखवितात. येथे शिकणाऱ्या त्या मुलीने चार बोटे दाखवून मनाचे श्लोक उचलले, तेव्हा "ळ"चा "ल" झाला, परंतु चाल कोठे अडली नाही, आणि खोलीतील प्रत्येक जण म्हणत होता. गेल्या काही गुरुवारी दहा-अकरा माणसे येत आहेत.

वाद एकाच ठिकाणी शिल्लक आहे. भीमपलासातील मोठ्या अभंगाची आमच्या पेटीवादकांनी बसविलेली चाल घ्यावी, की एका बाईंच्या सासरी चालत आलेली जुनी, याबद्दल मंडळात दोन तट आहेत. पेटीवादकांची अधिक डौलदार; सासरची अधिक बसकी, पण बायकांच्या मंद्राला सोपी. दोन्ही चाली एकेक महिना म्हणून पाहाव्यात असे ठरले आहे, आणि सध्या सासरच्या चालीचा महिना चालू आहे.